टोपीवरचा लाल कोंबडा

माझं साताऱ्यात टेलरिंगचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. युनिफॉर्मचं काम जास्त, शाळेचे, सिक्युरिटीवाल्यांचे, आणि रिटायर झालेल्या फौजी मंडळींचे ब्लेझर. आपल्याकडं फौजी गिऱ्हाइकाला तोटा नाही, अपशिंगे मिलिटरी तर आपल्याच तालुक्यातलं, गावाच्या नावातच मिलिटरी आहे. त्यामुळं मिलिटरीच्या कपड्यांची मला लहानपणापासून ओढ आहे, पण एखादी जुनी टोपी हातात पडेल आणि पुढचे सात महिने डोक्यात घर करून बसेल असं काय वाटलं नव्हतं.

झालं असं की मागच्या दिवाळीच्या आधी यादोगोपाळ पेठेत एक जुना वाडा पाडायला काढला होता. तिथला माल उचलणारा भंगारवाला माझ्या ओळखीचा, जुन्या शिलाई मशीनचे पार्ट, पितळी बटणं असलं काय सापडलं की तो आधी मला फोन करतो. त्या दिवशी म्हणला बटणं हायत थोडी, बघून जावा. गेलो. पोत्यात पितळी बटणं, फुटका कंदील, दोन कुलपं, आणि सगळ्यात खाली ही टोपी. टोपी म्हणजे खरं तर हॅटच, जाड खाकी फेल्टची, रुंद काठाची, डाव्या बाजूचा काठ वर दुमडून अडकवलेला, वरून कापडाची घडीघडीची पट्टी गुंडाळलेली. सिनेमात ऑस्ट्रेलियन सोल्जर घालतात तसली. आणि दुमडलेल्या बाजूवर एक बिल्ला शिवलेला, पिवळ्या गोलात लाल कोंबडा. तीनशे पन्नास रुपयाला घेतली, त्यानं मागितले तेवढे दिले, घासाघीस करायचं सुचलंच नाही.

घरी आणल्यावर बायको म्हणली उन्हात टाका आणि ब्रश मारा. मी नाही मारला आणि हे मला पहिल्यांदा सांगायचंय, कारण बरीच माणसं इथंच चुकतात. जुनं फेल्ट धुवायचं नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं नाही, ब्रश तर नाहीच. आतला घामाचा डाग सुद्धा पुरावा असतो. मी फक्त फोटो काढले, सगळ्या बाजूंनी, टेप ठेवून मापासकट, आणि मग दुकान बंद केल्यावर रात्री आतली चामड्याची पट्टी हळूच उलटी केली.

पट्टीच्या आत दोन गोष्टी होत्या. एक छापील शिक्का, त्यात बाणाचं चिन्ह आणि त्याखाली इंग्रजी आय, म्हणजे हिंदुस्थान सरकारचा माल. ब्रिटिशांच्या मालावर बाणाच्या दोन बाजूला डब्ल्यू आणि डी असतो, ऑस्ट्रेलियाच्या मालावर दोन्हीकडं डी, कॅनडाच्या मालावर सी च्या आत बाण. हे मला नंतर कळलं, तेव्हा नुसता बाण दिसला. शिक्क्याच्या बाजूला माप, सहा पूर्णांक सात अष्टमांश, म्हणजे डोक्याचा घेर साधारण ५५ सेंटिमीटर, बारीक डोक्याचा माणूस. आणि दुसरी गोष्ट, हातानं लिहिलेलं काहीतरी, जांभळ्या रंगात, अर्धं घामानं पसरलेलं. ही ती पूर्वीची कॉपिंग पेन्सिल, कोरडी असते तेव्हा काळी दिसते आणि ओल लागली की जांभळी होते. आमच्या वडिलांकडं कापडावर खुणा करायला होती, म्हणून मी लगेच ओळखली.

नुसत्या डोळ्यांनी काय लागत नव्हतं. मग लाईट बंद करून मोबाईलचा टॉर्च टेबलावर आडवा ठेवला, उजेड चामड्यावरून अगदी घासत गेला पाहिजे असा. समोरून उजेड मारला तर अक्षर पुसट होतं, बाजूनं मारला तर पेन्सिलीनं दाबलेल्या खाचेत सावली पडते आणि रंग गेलेला असला तरी आकडा दिसतो. असे चाळीसेक फोटो काढले, फोटो एडिट करायच्या ॲपमध्ये काळेपणा वाढवून बघितले. शेवटी जे लागलं ते असं, वर ४/५, त्याखाली पाच आकडी नंबर, शेवटचा आकडा ३ का ८ ते कळेना, आणि त्याखाली इंग्रजीत दोन आद्याक्षरं आणि आडनाव. आडनाव मराठीच, साताऱ्यात दर दहा घरांमागं एक सापडेल असलं. नाव आणि गाव मी इथं लिहीत नाही, घरच्यांनी तसं सांगितलंय.

अजून एक गोष्ट तेव्हाच दिसली होती, ती टेलर म्हणून दिसली. कोंबड्याचा बिल्ला कारखान्यातला नव्हता. पिवळ्या कापडाचा गोल हातानं कापलेला, कडेला अर्धा सूत इकडं तिकडं, त्यावर लाल कापडाचा कोंबडा बसवून बारीक तुरपाई घातलेली. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडच्या फौजेचे पुष्कळ बिल्ले असेच बाजारातल्या किंवा पलटणीच्या शिंप्याकडून करून घ्यायचे. म्हणजे माझ्यासारख्याच कुणाचं तरी हे काम, आणि चांगलं काम, कोंबड्याच्या शेपटीचा बाक एका कात्रीत घेतलाय, कुठं थांबलेला नाही. पण बिल्ल्याची एक बाजू कधीतरी सुटलेली आणि नंतर कुणीतरी परत शिवलेली होती. तो दोरा वेगळा, काळा, सुती, जाड, आणि टाका साधा धावदोरा. धावदोऱ्याचा तिरकस कल बघितला आणि गाठ कुठून सुरू केलीय ते बघितलं, शिवणारा हात डावरा होता. हे मी वहीत लिहून ठेवलं, कारण डावऱ्या हाताचा टाका आम्हाला लगेच कळतो, त्याचा उपयोग होईल असं काय तेव्हा मनात नव्हतं.

४/५ मला आधी मापाचाच काहीतरी आकडा वाटला. माझे एक गिऱ्हाईक आहेत, रिटायर सुभेदार, ब्लेझरच्या ट्रायलला आले होते, त्यांना फोटो दाखवला. ते एकदम खुर्चीतून उठलेच. म्हणले, "टेलर, हे माप नाय. ही पलटण हाय. पाचव्या रेजिमेंटची चौथी बटालियन. त्या काळी मराठा लाईट इन्फंट्रीला फिफ्थ मराठा म्हणायचे." मी विचारलं पाचवी म्हणजे मराठाच कशावरून, तर म्हणले शंका रास्त आहे, कारण गोरख्यांची पण एक पाचवी रेजिमेंट होती आणि त्यांच्या चौथ्या बटालियनचं सुद्धा असंच लिहीत. पण आडनाव मराठी आहे ना, मग झालं. मला तेवढ्यावर समाधान होईना. म्हणून कोंबड्याच्या मागं लागलो.

कोंबडा सापडायला दोन रात्री गेल्या. दुसऱ्या महायुद्धात आपल्या फौजेच्या प्रत्येक डिव्हिजनचं, म्हणजे बऱ्याच पलटणी मिळून केलेल्या मोठ्या तुकडीचं, एक चिन्ह होतं, १७ नंबरच्या डिव्हिजनचं काळं मांजर, ७ चा सोनेरी बाण, ५ चा लाल गोळा, १९ ची खंजीर धरलेली मूठ, ४ चा लाल गरुड. आणि पिवळ्या गोलातला लाल झुंजीचा कोंबडा म्हणजे २३ इंडियन डिव्हिजन, ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर, इंफाळला होती ती. त्या डिव्हिजनच्या ४९ नंबरच्या ब्रिगेडमध्ये, म्हणजे तिच्यातल्या काही पलटणींच्या गटात, ४/५ मराठा होती. गोरखे पण होते, पण ते ३७ ब्रिगेडमध्ये आणि त्यांच्यातली पाचव्या रेजिमेंटची ती तिसरी बटालियन, म्हणजे ३/५. चौथी नाही. त्या रात्री मी खरंच उठून टोपीजवळ जाऊन बसलो, कारण आता टोपीला रेजिमेंट मिळाली होती, नंबर होता, आडनाव होतं, आणि एक जागा होती.

जागा म्हणजे सांगशाक. मला हे नाव शाळेत कधी ऐकल्याचं आठवत नाही. मणिपुरात उखरूलच्या बाजूला डोंगरावरचं गाव. मार्च १९४४ मध्ये जपानी नागालँडमधल्या कोहिमाकडं निघाले तेव्हा वाटेत तिथं ५० नंबरची पॅराशूट ब्रिगेड होती आणि तिच्या मदतीला ही ४/५ मराठा. २१ ते २६ मार्च, सहा दिवस. टेकडी खडकाळ, दोन-तीन फुटांखाली खोदता येईना म्हणून मोर्चे उथळ, काटेरी तार नाही, प्यायला पाणी नाही, विमानातून टाकलेलं सामान निम्म्याहून जास्त जपान्यांच्या बाजूला पडायचं. २६ च्या रात्री माघारीचा हुकूम आला. पण तेवढ्या सहा दिवसात जपान्यांना जो उशीर झाला त्यानं कोहिमाला तयारीला वेळ मिळाला, हे नंतर बऱ्याच जणांनी मान्य केलंय. आपल्याकडच्या देशावरच्या आणि कोकणातल्या पोरांनी तिथं तहानेनं जीभ कोरडी पडलेली असताना मोर्चे धरले आणि आपल्या गावात एका चौकाला सुद्धा सांगशाक नाव नाही, ह्याचं मला वाईट वाटतं. मी इतिहासाचा माणूस नाही, तरी वाटतं.

आता माणूस शोधायचा. त्या युद्धात आपली फौज २५ लाखांच्या वर गेली होती, सगळे भरती होऊन गेलेले, सक्ती नव्हती, त्यात एक शिपाई शोधायचा. पहिलं काम केलं ते कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत बघायचं. ही यादी ऑनलाईन आहे, फुकट आहे, नाव, नंबर, रेजिमेंट, देश असं टाकून शोधता येतं. त्यात जादा माहिती म्हणून एक रकाना आहे, तिथं नुसतं सातारा टाकलं की काय होतं ते एकदा प्रत्येक सातारकरानं करून बघावं. अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, राहणार अमकं गाव, तालुका अमका, सातारा, इंडिया. पान संपतं, दुसरं पान, तिसरं. गावांची नावं इंग्रजीत वेडीवाकडी लिहिलीत पण वाचता येतात, आपण रोज एसटीत पाटीवर वाचतो तीच गावं. काहींचं नाव रंगूनच्या स्मारकावर, काहींचं इटलीत, काहींचं सिंगापूरला. मी त्या रात्री मूळ काम सोडून दोन तास नुसती गावंच वाचत बसलो.

नंबर दोन्ही टाकून बघितले, शेवटी ३ असलेला आणि शेवटी ८ असलेला. ३ वाल्याला एक नाव आलं. शिपाई, ब्रह्मदेशात मेलेला, नाव रंगूनच्या स्मारकावर. काळजात चर्र झालं. दोन-तीन दिवस मी धरूनच चाललो की टोपीवाला माणूस परत आलाच नाही. मग लक्ष देऊन वाचलं तर रेजिमेंट पंजाबची आणि नाव मुसलमानी. सुभेदार साहेबांना विचारलं तेव्हा त्यांनी समजावलं की तेव्हा शिपायाचा नंबर रेजिमेंटचा असायचा, सगळ्या फौजेचा एक नव्हे, त्यामुळं तोच नंबर मराठ्यात पण असू शकतो, पंजाबात पण आणि डोगऱ्यात पण. जो कुणी असलं काम करायला घेईल त्यानं हे पक्कं डोक्यात ठेवावं, नुसता नंबर जुळला म्हणून माणूस जुळला असं नसतं. नंबर आणि रेजिमेंट दोन्ही जुळले पाहिजेत, आणि नावाची स्पेलिंग मात्र जुळलीच पाहिजे असा आग्रह धरू नये, कारण एकाच माणसाचं आडनाव तीन कागदांवर तीन तऱ्हेनं असतं, कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं.

आणि दुसरी गोष्ट, त्या यादीत फक्त ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ ह्या काळात गेलेले आहेत. आपला माणूस त्यात नाही म्हणजे तो बहुतेक जिवंत घरी आला. हे लक्षात आल्यावर मला जो आनंद झाला तो शब्दात सांगता येणार नाही, ओळख ना देख, तरी झाला.

बेळगावला मराठा रेजिमेंटचं सेंटर आहे, १९२२ पासून तिथंच, रेकॉर्ड ऑफिस पण तिथं. सुभेदार साहेबांच्या सांगण्यावरून तिथं पत्र पाठवलं, फोटोंसकट. उत्तर आलं की माहिती फक्त नातेवाईकांना देता येते. बरोबरच आहे ते, उद्या कुणीही उठून कुणाच्याही आजोबांची कागदपत्रं मागेल. पण माझ्यापुढं प्रश्न असा की नातेवाईक सापडावेत म्हणून तर माहिती पाहिजे होती.

मग उलटं निघालो, टोपी सापडली तिथून. टोपी वाड्यात आली कशी? वाड्याचे मालक पुण्यात असतात, त्यांचा नंबर कॉन्ट्रॅक्टरकडून घेतला. ते पन्नाशीतले, त्यांना काही माहिती नाही, पण त्यांनी त्यांच्या आत्यांशी बोलणं करून दिलं, वय ८४, आवाज खणखणीत. मी टोपी म्हणल्याबरोबर त्या म्हणाल्या, "अहो ती मिलिटरीमामांची!" मी फोन हातात घेऊन नुसता उभा. वाड्याच्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं दिलेल्या असायच्या, तिथं साधारण १९५२-५३ पासून दहाएक वर्षं एक कुटुंब राहायचं, नवरा रात्रपाळीचा वॉचमन, ड्युटीला जाताना पावसाळ्यात ती हॅट घालून जायचे. वाड्यातली सगळी पोरं त्यांना मिलिटरीमामा म्हणायची. खरं नाव? ते काय आठवेना. आडनाव मी सांगितलं तर म्हणाल्या, "हो तेच, पण नाव... आम्ही मामाच म्हणायचो हो."

नाव मिळालं भाडेपावत्यांवरून. मालकांच्या घरी वडिलांनी जपलेल्या भाडेपावत्यांची एक पुस्तिका होती, बाकीचं रद्दीत गेलं होतं, ही एक कशी राहिली देव जाणे. मोडी वळणाच्या देवनागरीत महिना पाच रुपये भाडं आणि पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. आद्याक्षरं टोपीतल्या आद्याक्षरांशी जुळली. गाव मात्र नाही लिहिलेलं.

ह्या दरम्यान एक गोष्ट झाली ती सांगतो. मी माहिती विचारायला म्हणून जुन्या मिलिटरी वस्तू जमवणाऱ्या एकांना फोटो पाठवले होते. त्यांनी आधी आठ हजार सांगितले, मग माणसाचं नाव कळलंय म्हणल्यावर पंधरा. नाव आणि हकीकत असलेल्या टोपीला जास्त भाव येतो, असा तो बाजार आहे, आणि त्यात काय बेकायदा नाही. मला पैशाची गरज नव्हती असं नाही, लग्नसराईच्या आधीचे महिने आमच्या धंद्यात ओढाताणीचेच असतात. पण जांभळ्या पेन्सिलीनं ज्यानं स्वतःचं नाव आत लिहिलं तो माणूस टोपी हरवू नये म्हणूनच लिहीत होता ना. परत आपल्याकडंच यावी म्हणून. मी त्यांना नाही म्हणलं.

शेवटची वाट सुभेदार साहेबांनीच दाखवली. दुसऱ्या महायुद्धातले जे सैनिक युद्ध संपल्यावर घरी आले त्यांची नोकरी कमी वर्षांची, त्यामुळं पेन्शन नाही. त्यांना आणि त्यांच्या विधवांना महाराष्ट्र सरकार महिन्याला अनुदान देतं आणि ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून होतं. म्हणजे मिलिटरीमामा किंवा मामी त्यातलं कुणी अनुदान घेत असलं तर साताऱ्यातच फाईल असणार. मी गेलो, सगळं सांगितलं. मला नाव-पत्ता द्या असं मागितलंच नाही, मी एक पत्र लिहून नेलं होतं, माझ्या फोन नंबरसकट, आणि म्हणलं एवढं त्या घरी पोचवा, पुढं त्यांची मर्जी. कुणी असा शोध घेत असेल तर हे असंच करावं, माहिती मागू नये, आपली माहिती द्यावी.

पाच आठवडे काहीच नाही. मग जूनच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी फोन आला, "टोपीवालं टेलर का?"

कोरेगाव तालुक्यातलं गाव. रविवारी मी आणि सुभेदार साहेब गेलो, टोपी पांढऱ्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळून खोक्यात ठेवलेली. मामांचा थोरला मुलगा, सगळे नाना म्हणतात, सत्तरीच्या पुढचे, शेती करतात. मामा १९८९ मध्ये गेले, मामी त्यांच्यानंतर सतरा वर्षांनी, अनुदान त्यांच्या नावावर होतं. नानांनी चहा व्हायच्या आधीच बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. त्यात रेशनकार्ड, दाखले, एक दात तुटलेली फणी, आणि कापडात बांधलेला एक तारा, सहा टोकांचा, काळपट पितळेसारखा. बर्मा स्टार, ब्रह्मदेशाच्या लढाईतल्या शिपायांना मिळालेलं पदक. रिबीन पार गेलेली. दुसरा एक चांदीचा मेडल होता म्हणे, गोल, तो बहात्तरच्या दुष्काळात सोनाराकडं गेला. "ह्यो सोनारानं घेतला नाय म्हणून ऱ्हायला," नाना म्हणले.

ब्रिटनमधल्या गोऱ्या शिपायांना जे तारे मिळाले त्याच्यावर नाव नसायचं, पण आपल्या शिपायांच्या ताऱ्यांवर पुष्कळदा मागच्या बाजूला नंबर आणि नाव ठोकलेलं असतं, हे मला माहीत झालं होतं. मी खिशातून भिंग काढलं, सुई ओवायला वापरतो तेच. मागं बारीक अक्षरात नंबर, सिपॉय, नाव, मराठा एल. आय. नंबरचा शेवटचा आकडा ८. मी तो तीन वेळा वाचला. मग सुभेदार साहेबांना दिला, त्यांनी मोठ्यानं वाचला, आणि मी टोपीतला फोटो मोबाईलवर मोठा करून नानांच्या पुढं धरला. त्यांना इंग्रजी येत नाही पण आकडे सारखे आहेत का नाहीत हे बघायला इंग्रजी कशाला लागतंय. एकेका आकड्यावर बोट ठेवून बघितलं त्यांनी. मग टोपी उचलून दोन्ही हातात धरली आणि आत नाक घालून वास घेतला. कुणीच काय बोललं नाही बराच वेळ.

चांदीचा जो मेडल गेला तो युद्धानंतरच्या मोहिमेचा असणार असा मला अंदाज आला आणि मी विचारलं, मामा युद्ध संपल्यावर लगेच आले का? तर नाही, छेचाळीस साल उजाडून गेलं होतं यायला. कारण २३ डिव्हिजन जपानच्या शरणागतीनंतर मलायात आणि तिथून जावा बेटावर गेली होती. तिथं १७ ऑगस्ट १९४५ ला इंडोनेशियानं स्वातंत्र्य जाहीर केलेलं, डच परत यायला बघत होते, आणि मधी उभी केली आपली माणसं. ४९ ब्रिगेड २५ ऑक्टोबरला ज्या बंदरात उतरली त्याचं नाव सुराबाया. तीन दिवसांनी शहर पेटलं, ३० तारखेला त्यांचा ब्रिगेडियर मॅलबी मारला गेला, ब्रिगेडची माणसं शहरभर विखुरलेली असताना चहूबाजूंनी लोक तुटून पडले. पुढं १० नोव्हेंबरला जी मोठी लढाई झाली तो दिवस इंडोनेशियात आजही वीर दिन म्हणून पाळतात. ते लोक स्वातंत्र्यासाठी लढत होते, आपल्याकडं पण तेच चालू होतं, आणि ही आपली पोरं हुकूम म्हणून तिथं.

मी हे सांगत होतो आणि सुराबाया म्हणल्याबरोबर आतून नानांच्या थोरल्या बहीण, अक्का, बाहेर आल्या, माहेरपणाला आलेल्या. म्हणल्या, "काय म्हणला? परत म्हणा." मी परत म्हणलो. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. मामा झोपेत ओरडायचे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि ओरडण्यात एक शब्द यायचा, सुरबाया, सुरबाया. आईला वाटायचं कुणी सुरबाई म्हणून बाई आहे तिकडची. आयुष्यभर तिनं नवऱ्याला कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. "आई मला म्हणायची, आसंल कोण बिचारी, त्यांनी सोडून दिली आसंल." अक्का रडत होत्या, आणि मधेच म्हणत होत्या, "गाव व्हतं गं आये, गाव व्हतं."

त्यानंतर मला जे विचारायचं होतं ते विचारायला जीभ रेटेना, पण विचारलं. बिल्ल्याची सुटलेली बाजू दाखवली, काळा दोरा दाखवला. म्हणलं अक्का, तुमच्या आई डावऱ्या होत्या का?

अक्कांनी माझ्याकडं बघितलं आणि उठून आत गेल्या. आईनं शिवलेली गोधडी घेऊन आल्या, धुऊन धुऊन मऊ पडलेली, जुन्या लुगड्यांची. मी ती उजेडाला नेली. तोच कल, गाठ त्याच बाजूनं, टाक्याची लांबी सुद्धा जवळपास तीच, तांदळाच्या दाण्याएवढी. मी तीस वर्षं शिवतोय, कोर्टात शपथ घेऊन सांगता येणार नाही, पण नाना आणि अक्कांना मी सांगितलं की हात एकच आहे.

नाना म्हणले टाके सैल झालेत, आता आलाच हाय तर पक्कं करून द्या. सुई-दोरा माझ्याकडं होता. मी म्हणलं नाना, बाकी काय पण सांगा, पण ह्या टाक्याला मी हात लावणार नाही. ते राहू द्या म्हणले.

टोपी कशी ठेवायची ते सांगून आलो, उन्हात नाही, प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नाही, आत मलमलीचा बोळा घालायचा म्हणजे आकार बसत नाही, कडुलिंबाचा वाळलेला पाला कपाटात ठेवायचा पण टोपीला चिकटून नाही. नानांच्या सुनेनं सगळं वहीत लिहून घेतलं, आणि खाली सांगशाक आणि सुराबाया दोन्ही नावं आणि तारखा लिहून घेतल्या, पोरांच्या शाळेत सांगायला. तीनशे पन्नास रुपये मी घेतले नाहीत. निघताना वाघ्या घेवडा पाच किलो गाडीत टाकला, नाही म्हणायला वावच दिला नाही. आता बेळगावला नानांच्या सहीनं अर्ज गेलाय, नातेवाईक म्हणून, सर्व्हिस रेकॉर्ड मिळावं म्हणून.